धावपट्टी मोकळी आहे, असे कोण म्हणाले?

आंबा घाटातून किंवा गगनबावड्याच्या करूळ घाटातून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एक सवय असते. वळण आंधळे असले, की तो अलीकडेच हॉर्न देतो आणि क्षणभर कान टवकारतो. समोरून हॉर्नचे उत्तर आले तर गाडी कडेला दाबतो. नाही आले तर पुढे काढतो. घाटातली वाहतूक वर्षानुवर्षे या अलिखित करारावर चालत आली आहे. या करारातली एक खोच मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. समोरून उत्तर आले नाही, म्हणजे समोर कोणी नाहीच असे होत नाही. समोरच्याचा हॉर्न बिघडलेला असेल, त्याच्या केबिनमध्ये गाणी मोठ्याने लागली असतील, किंवा त्याचा आणि आपला हॉर्न नेमका एकाच क्षणी वाजला असेल. घाटात अशा वेळी ब्रेक मदतीला येतो. वेग वीस-पंचविसाचा असतो आणि गाडी जागच्या जागी थांबते.

आता कल्पना करा, की हाच करार विमानांच्या बाबतीत आहे. वेग ताशी दोनशे किलोमीटरचा आहे आणि हवेतल्या विमानाला थांबता येत नाही. ही कल्पना भीतीदायक वाटली, तरी जगातल्या हजारो विमानतळांवरचा तो रोजचा व्यवहार आहे. ज्या विमानतळावर नियंत्रण मनोरा नाही, किंवा मनोरा आहे पण त्यात त्या वेळी नियंत्रक नाही, तिथे 'उतरा', 'थांबा', 'आता निघा' असे सांगणारे कोणी नसते. वैमानिक रेडिओवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते जाहीर करतात, इतरांचे ऐकतात, डोळ्यांनी आकाश आणि धावपट्टी तपासतात आणि आपापसात क्रम ठरवतात. एकट्या अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांतल्या साधारण पाचशेंवरच मनोरा आहे. म्हणजे मनोऱ्याशिवाय विमान उतरवणे हा काही गुन्हा नाही, आणि बहुतेक वेळा ते सुखरूप पारही पडते. प्रश्न आहे तो उरलेल्या वेळांचा. कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्यात विमाने वाढत असताना तो प्रश्न आपण नीट समजून घ्यायला हवा.

माळावरची विमाने

विमानाचा जन्मच मोकळ्या माळावर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि जुहूला त्यांना परवानगी देणारे कोणी नव्हते. समुद्राकाठच्या त्या मैदानात पावसाळ्यात पाणी साचे, मग विमानसेवाच पुण्याला हलवावी लागे. कोल्हापूरचीही सुरुवात अशीच. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, उजळाईवाडीच्या माळावर संस्थानचा विमानतळ झाला. त्या काळी विमाने इतकी थोडी होती, की एका वेळी दोन विमाने एकाच माळावर येणे हाच योगायोग ठरला असता.

पण युरोपात तो योगायोग आधीच घडून गेला होता. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्सच्या उत्तर भागात, पॅरिसहून लंडनकडे आणि लंडनहून पॅरिसकडे जाणारी दोन विमाने धुक्यात समोरासमोर आदळली. दोन्ही विमाने जमिनीवरच्या खुणा बघत एकाच मार्गावरून उडत होती. सात जण मरण पावले. विमान कंपन्यांच्या दोन विमानांची हवेत टक्कर होण्याची ही पहिली घटना. आकाश केवढेही मोठे असले तरी माणसे त्यातला एकच रस्ता निवडतात, हा धडा त्या दिवशी मिळाला. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० साली नियंत्रण मनोरा उभा राहिला होता. अमेरिकेत सेंट लुईसच्या मैदानावर १९२९ साली आर्ची लीग नावाचा एक गृहस्थ हातगाडीत खुर्ची, छत्री आणि दोन निशाणे घेऊन बसू लागला. एक निशाण 'या' म्हणायला, दुसरे 'थांबा' म्हणायला. आजच्या रडार आणि संगणकांनी भरलेल्या मनोऱ्याचा पूर्वज तो. साधने बदलली, पण कामाचा गाभा तोच राहिला. धावपट्टीवर स्वतःचे विमान नसलेला एक माणूस सगळ्यांकडे पाहतो आणि कोणाची पाळी ते सांगतो.

मनोरा नसतो तेव्हा

असा माणूस नसतो तेव्हा नियम असतात. ते जगभर जवळपास सारखे आहेत आणि समजायला सोपे आहेत.

आधी धावपट्टीचा क्रमांक. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ अशी ओळखली जाते. होकायंत्रावर एका टोकाकडून पाहिले तर ती साधारण ७० अंशांच्या दिशेने जाते, दुसऱ्या टोकाकडून २५० अंशांच्या. शेवटचे शून्य गाळले की क्रमांक मिळतो. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि उडते. म्हणून पश्चिमेचा वारा असेल तर २५, पूर्वेचा असेल तर ०७. धावपट्टी एकच, पण तिला नावे दोन आणि दिशाही दोन, हे ध्यानात ठेवायचे. वारा पडलेला असताना एक वैमानिक ०७ निवडू शकतो आणि दुसरा २५. मग दोघे एकाच पट्टीवर परस्परांच्या समोर येतात.

मग सर्किट. उतरणारे विमान धावपट्टीभोवती आयताकृती फेरी घेते. आधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने. मग एक काटकोनी वळण. मग दुसरे वळण घेऊन धावपट्टीच्या सरळ रेषेत. ही फेरी सहसा डावीकडून घेतात, कारण मुख्य वैमानिक डावीकडे बसतो आणि त्याला त्या बाजूची जमीन नीट दिसते. प्रत्येक टप्प्यावर रेडिओवर घोषणा करायची असते: विमानतळाचे नाव, आपले विमान, आपली जागा, धावपट्टीचा क्रमांक, पुढचा इरादा, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचे नाव. आसपासच्या दोन-तीन धावपट्ट्यांची फ्रिक्वेन्सी एकच असू शकते, म्हणून नाव दोनदा.

अग्रक्रमाचे नियमही ठरलेले आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचे. मार्ग छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यायची. उतरणाऱ्याला जमिनीवरच्यापेक्षा पहिला मान. दोघे उतरत असतील तर जो खाली आहे तो आधी. मात्र मुद्दाम खाली घुसून कोणी पाळी मोडायची नाही. आणि शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जायचे.

कागदावर हे सारे चोख आहे. पण यातला प्रत्येक नियम एका गृहीतकावर उभा आहे: मला दुसरा दिसतो, किंवा ऐकू येतो. ते गृहीतक खोटे ठरले की काय होते, हे एका संध्याकाळी अमेरिकेतल्या एका छोट्या गावात दिसले.

क्विन्सीची संध्याकाळ

१९९६ चा नोव्हेंबर आपल्याला आठवतो तो चरखी दादरीमुळे. १२ नोव्हेंबरला दिल्लीजवळच्या आकाशात सौदी अरेबियाचे जंबो जेट आणि कझाकस्तानचे मालवाहू बनावटीचे विमान आदळून ३४९ जण मरण पावले. हवेतली ती आजवरची सर्वात भीषण टक्कर. तिथे मनोरा होता, नियंत्रक होता, सूचना दिल्या गेल्या होत्या. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १९ नोव्हेंबरला, इलिनॉय राज्यातल्या क्विन्सीच्या विमानतळावर आणखी एक टक्कर झाली. तिची बातमी आपल्याकडे कोणाच्या ध्यानात राहिली नसेल. तिच्यात १४ जण गेले. तिथे मनोराच नव्हता.

शिकागोहून बर्लिंग्टनमार्गे आलेले युनायटेड एक्स्प्रेसचे बीचक्राफ्ट १९०० जातीचे छोटे प्रवासी विमान क्विन्सीला उतरत होते. दहा प्रवासी, दोन वैमानिक. दिवस मावळत आलेला. वैमानिकांनी दुरूनच रेडिओवर सांगितले, की आपण धावपट्टी १३ वर उतरणार आहोत. जवळ येताना पुन्हा सांगितले. त्याच वेळी १३ ला छेदणाऱ्या धावपट्टी ४ च्या टोकाशी दोन खासगी विमाने उड्डाणासाठी आली होती. पुढे किंग एअर, तिच्या मागे एक छोटी चेरोकी.

खाली येता येता प्रवासी विमानाच्या कॅप्टनने विचारले, की धावपट्टी ४ वरचे विमान थांबणार आहे की निघणार आहे? प्रश्न किंग एअरला होता. किंग एअर गप्प राहिली. उत्तर दिले मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने. त्याने आपला क्रमांक सांगून आपण धावपट्टी ४ वर उड्डाणासाठी थांबलो आहोत असे कळवले. नेमके त्याच क्षणी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारे स्वयंचलित यंत्र बोलले आणि रेडिओवरच्या वाक्याचा काही भाग त्याखाली दबला. कॅप्टनला वाटले, पुढचे विमान थांबले आहे. तिने आभार मानले आणि उतरणे चालू ठेवले.

किंग एअरने धाव घेतली. दोन्ही विमाने धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली.

पुढचा भाग अधिक क्लेशदायक आहे. धडकेनंतरही प्रवासी विमानातले लोक जिवंत होते. विमानतळावरचे काही वैमानिक धावत पोहोचले. आतून कॅप्टनने दार उघडा असे सांगितले. दार अडकले होते. ते बाहेरूनही उघडेना. विमानतळावर अग्निशमन पथक नव्हते. आगीने आणि धुराने बाकीचे काम केले. दोन्ही विमानांतले कोणीही वाचले नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून दोष प्रामुख्याने किंग एअरच्या वैमानिकांना दिला: त्यांनी रेडिओ नीट ऐकला नाही, किंवा आजूबाजूला नीट पाहिले नाही. पण त्याबरोबर मंडळाने आणखी गोष्टी नोंदवल्या. चेरोकीच्या तुटक उत्तराचा प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी चुकीचा अर्थ घेतला. जीवितहानी वाढण्यामागे अग्निशमनाची सोय नसणे आणि न उघडलेले दार ही कारणे होती.

या सगळ्यात बेफिकीर म्हणावे असे कोण होते? प्रवासी विमानाचे वैमानिक वारंवार बोलले, विचारले, उत्तराची वाट पाहिली. चेरोकीचा वैमानिक मदत करायला गेला. घोळ असा, की प्रश्न एकाला होता, उत्तर दुसऱ्याने दिले आणि ते पहिल्याचे समजले गेले. मनोऱ्यात एक माणूस असता, तर त्याला खिडकीतून दोन विमाने दिसली असती.

शांततेचा अर्थ

क्विन्सीसारख्या घटनांमधून एक सूत्र पुन:पुन्हा वर येते. रेडिओवरची शांतता हा पुरावा नव्हे. ती निदान पाच कारणांनी येते: दुसरे विमान नाही, आहे पण त्याचा रेडिओ बंद आहे, रेडिओ चालू आहे पण फ्रिक्वेन्सी चुकीची आहे, वैमानिक दुसऱ्या कामात गुंतला आहे, किंवा दोघे एकाच क्षणी बोलले. शेवटचे कारण विशेष कपटी आहे. विमानांच्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी बटण दाबले तर ऐकणाऱ्याला कर्कश शीळ तेवढी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना वाटते, आपण सांगितले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट विमाने धुक्यात आदळून ५८३ जण मरण पावले. तिथे मनोरा होता. पण निर्णायक क्षणी मनोरा आणि दुसरे विमान एकदमच बोलले, आणि दोन्ही संदेश त्या शिळेत बुडाले. नियंत्रक असताना हे होते, तर नसताना काय, याचा विचार करावा.

डोळ्यांचेही तसेच. ज्या विमानाचे पंख वर असतात त्याच्या वैमानिकाला वरचे दिसत नाही. ज्याचे पंख खाली त्याला खालचे दिसत नाही. खालच्या पंखांचे विमान वर आणि वरच्या पंखांचे खाली, असे दोघे एकाच रेषेत उतरू लागले तर दोघांनाही शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल येथे, मनोरा नसलेल्या विमानतळावर, दोन इंजिनांचे एक विमान लांबून सरळ रेषेत, बऱ्याच वेगाने उतरायला आले. एक छोटे सेसना १५२ सर्किट पूर्ण करून त्याच रेषेत वळले होते. दोघेही रेडिओवर बोलत होते, दोघांनाही एकमेकांची चाहूल होती. तरी टक्कर झाली आणि तिघे मरण पावले. वेगातल्या फरकाने बोलण्याला वेळच दिला नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा विमानतळावर जून २०२३ मध्ये एक प्रवासी डॅश ८ विमान आणि एक छोटे पायपर विमान परस्परांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी उड्डाणाला निघाले. दोघांनीही घोषणा केल्या होत्या. पण पायपरच्या वैमानिकाने धावपट्टीचा क्रमांक छत्तीसऐवजी पस्तीस सांगितला, आणि प्रवासी विमानाच्या वैमानिकांचा समज झाला, की ते विमान जवळच्याच दुसऱ्या विमानतळावर आहे. मधल्या झाडी-इमारतींमुळे दोघे एकमेकांना दिसतही नव्हते. तिथे टक्कर झाली नाही, आणि म्हणूनच ती घटना अधिक शिकवणारी आहे. एका आकड्याच्या फरकाने एक अख्खे विमान दुसऱ्या गावात जाऊन बसले.

विमानात टक्कर टाळणारे यंत्र असते ना, असे कोणी विचारील. असते, चरखी दादरीनंतर भारतात ते सक्तीचे झाले. पण ते उंच आकाशासाठी आहे. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या आत 'वर जा, खाली जा' हा त्याचा सल्ला मुद्दामच बंद ठेवलेला असतो, कारण तिथे खाली जायला जागा नसते. धावपट्टीच्या शेवटच्या मिनिटात वैमानिक पुन्हा कान आणि डोळे यांच्यावरच येतो.

आपल्या धावपट्ट्या

आता आपल्याकडे पाहू. उजळाईवाडीला नियमित विमानसेवेचा लपंडाव कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे सोसला. २०१८ पासून 'उडान' योजनेत विमाने सुरू झाली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. विस्ताराच्या आराखड्यात लांब धावपट्टीबरोबर नियंत्रण मनोऱ्याचाही समावेश होता. त्यामुळे प्रश्न आपल्यापुरता सुटला, असे वाटण्याचा संभव आहे. पण कोल्हापूरहून उडणारे किंवा कोल्हापूरकडे येणारे छोटे विमान नेहमी मोठ्या विमानतळावरच उतरते असे नाही. कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली कऱ्हाडची धावपट्टी आहे, बारामती आहे, पलीकडे धुळे आणि शिरपूर आहे. यांतल्या अनेक ठिकाणी वैमानिक प्रशिक्षणाच्या संस्था आल्या. हे चांगलेच झाले. आपल्या भागातली मुले इथे विमान शिकतात. पण त्याच धावपट्टीवर उद्योगपतींची, नेत्यांची, कारखानदारांची जेट विमानेही उतरतात, आणि निवडणुकीच्या हंगामात तर हेलिकॉप्टरांची रीघ लागते.

या सरमिसळीचे गणित मांडून पाहू. शिकाऊ विद्यार्थ्याचे सेसना १७२ उतरताना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास येते. छोटे जेट येते सव्वादोनशेच्या आसपास. विद्यार्थी धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर आहे आणि जेट दहा किलोमीटरवर, असे धरा. विद्यार्थ्याला जमिनीला टेकायला एक मिनिट लागेल, वेग कमी करायला आणखी अर्धे. पुष्कळशा छोट्या धावपट्ट्यांना समांतर टॅक्सीमार्ग नसतो. विमानाने टोकाला वळायचे आणि धावपट्टीवरूनच उलट चालत माघारी यायचे. हे अंतर एक किलोमीटर आणि वेग ताशी वीस धरला, तर तीन मिनिटे. म्हणजे विद्यार्थी एकूण साडेचार मिनिटांनी बाजूला होणार. जेट अडीच-पावणेतीन मिनिटांत पोहोचणार. दोघांनी सगळे नियम पाळले तरी गणित जुळत नाही. कोणीतरी आधीच ओळखून कोणालातरी थांबवले पाहिजे. ते ओळखायचे कोणी? एकट्याने उडण्याची दहावी वेळ असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने?

२८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीत विमान कोसळून तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेत दुसरे विमान आडवे आलेले नव्हते, आणि कारणांची मीमांसा हे चौकशी यंत्रणेचे काम आहे. पण त्या दिवशी केंद्र सरकारच्या निवेदनातून एक गोष्ट महाराष्ट्राला पहिल्यांदा ठळकपणे कळली. बारामती हे 'अनियंत्रित' विमानतळ असून तिथली वाहतुकीची माहिती प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक किंवा वैमानिक देतात. तोपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा होता, की जिथे धावपट्टी आहे, तिथे मनोऱ्यात सरकारी माणूस असणारच.

प्रशिक्षक हा जाणता माणूस असतो, यात वाद नाही. पण त्याचे पहिले लक्ष आपल्या विद्यार्थ्यांवर असते आणि असायलाच हवे. आर्ची लीगच्या हातगाडीचे तत्त्व इथे मोडते: पाळी सांगणाऱ्याचे स्वतःचे विमान त्या रांगेत नसावे.

गोळ्याशिवाय गाडी नाही

आपल्याच भागात याहून जुनी आणि शहाणी एक व्यवस्था होती. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, ती एकेरी मार्गाची. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून देशभर रेल्वेने टोकनची पद्धत वापरली. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतला धातूचा गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. दोन स्थानकांतली यंत्रे अशी जोडलेली, की एका वेळी एकच गोळा बाहेर येई. ज्याच्या हातात गोळा, त्याचा मार्ग. त्यात अंदाज नाही, समजूत नाही, 'उत्तर आले नाही म्हणजे मोकळे असेल' हा प्रकार नाही. रेल्वेने वाटेचा हक्क हातात धरता येईल अशी वस्तू करून टाकला होता. मनोरा नसलेल्या धावपट्टीला नेमका हा गोळा नाही.

मग प्रत्येक धावपट्टीवर पूर्ण मनोरा बांधायचा का? दिवसाला दोन विमाने येणाऱ्या जागी तो खर्च परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण पूर्ण मनोरा आणि काहीच नाही, यांच्या मध्ये बरेच काही आहे. उड्डाण माहिती सेवा नावाची एक व्यवस्था असते. तिच्यातला प्रशिक्षित माणूस आज्ञा देत नाही. धावपट्टीवर कोण आहे, सर्किटमध्ये कोण आहे, वारा कसा आहे एवढे पाहून सांगतो. क्विन्सीला एवढे सांगणारा असता तरी पुरे होते. दुसरा मार्ग दूरस्थ मनोऱ्याचा. स्वीडनमध्ये २०१५ पासून एर्नशोल्डस्विक विमानतळाची वाहतूक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दुसऱ्या शहरातून हाताळली जाते. लंडन सिटी विमानतळानेही २०२१ पासून ही पद्धत स्वीकारली. एका केंद्रातून चार-पाच छोट्या धावपट्ट्या पाहता आल्या, तर महाराष्ट्रासारख्या राज्याला ते अवघड नाही.

काही गोष्टींना तर पैसाही फारसा लागत नाही. जेट येणार असेल त्या वेळेला शिकाऊ विमाने जमिनीवर ठेवायची. लांबून सरळ उतरण्याऐवजी पाहुण्या विमानानेही सर्किटची शिस्त पाळायची. रेडिओवरचे सारे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे, म्हणजे हुकलेल्या टकरीही अभ्यासता येतील. प्रत्येक उड्डाणाच्या वेळी अग्निशमनाची गाडी आणि ती चालवणारी माणसे धावपट्टीशेजारी हजर ठेवायची. आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्या दिवसापासून बिंबवायचे, की उत्तर आले नाही तर पुन्हा विचार, दिसले नाही तर पुन्हा पाहा, आणि मन खात्री देत नसेल तर वर जा. गो-अराउंड करणाऱ्याची कोणी थट्टा करणार नाही, एवढी हमी संस्थेने द्यायची.

आपल्याकडे विमानतळ म्हटले, की चर्चा टर्मिनलची होते, काचांची होते, नावाची होते. जिल्ह्या-जिल्ह्यांत विमानतळाची मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण पुढच्या वेळी एखाद्या माळावर धावपट्टीची फीत कापली जाईल, तेव्हा समोर बसलेल्या नागरिकांनी आणि वार्ताहरांनी एक साधा प्रश्न विचारावा: या धावपट्टीवर एकाच वेळी दोन विमाने आली, तर ती कोणाला दिसणार आहेत, आणि त्या माणसाचा पगार कोण देणार आहे?